बाजार कुणाचा, गल्ला कुणाचा?

(नेरे येथील पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजचा विषय वाचून आपणांपैकी काहींच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील. मोबाईलवरचे खेळ हा घराघरांत तंट्याचा विषय झालेला आहे. त्यावर शिक्षक बोलणार म्हणजे तो आता मुलांना रागावणार, असे पालकांनी धरून चालावे आणि मुलांनी मान खाली घालावी, हे ओघानेच आले. पण मुलांनी किती वेळ खेळावे हे सांगायला घरची माणसे समर्थ आहेत. मला आपणांपुढे एक खटला मांडायचा आहे. एका बाजूला खेळ तयार करणारी कंपनी आणि दुसऱ्या बाजूला, ज्या दुकानातून तो खेळ मोबाईलवर उतरवून घेतला जातो त्या दुकानाचा मालक. खटला उभा राहिला अमेरिकेत. परंतु तसलाच तंटा आपल्याकडे मुंबईच्या कंपन्यांपर्यंत येऊन पोचला, आणि ज्या पैशासाठी हे सगळे चालले आहे त्यातला काही पैसा आपल्याच खिशातून गेलेला आहे.

बाजार म्हणजे काय हे आपल्या भागातील माणसाला शिकवावे लागत नाही. शेतकऱ्याने वांगी पिकवली, ती बाजारात नेली, जागेचे पैसे दिले, अडत दिली, हमाली-तोलाई दिली आणि उरले ते कनवटीला लावून घरी आला. अडत्याला काहीच मिळू नये असे कोणी शहाणा माणूस म्हणत नाही. त्याने जागा दिली, गिऱ्हाईक आणले, उधारीची जोखीम घेतली. भांडण होते ते दोन गोष्टींवरून. अडत किती, ही एक. आणि हा बाजार सोडून दुसरीकडे माल विकायची मुभा आहे की नाही, ही दुसरी. महाराष्ट्रात १९६३ च्या कायद्याने शेतमालाची घाऊक खरेदी-विक्री बाजार समितीच्या नियंत्रणाखाली आली. हेतू चांगला होता. शेतकऱ्याची वजनात आणि भावात फसवणूक होऊ नये. पुढे त्याच आवाराविषयी मक्तेदारीची ओरड सुरू झाली. २०१६ साली राज्य सरकारने फळे आणि भाजीपाला त्या बंधनातून मोकळा केला, आणि अडत शेतकऱ्याकडून न घेता खरेदीदाराकडून घ्यावी असे ठरवले. संरक्षणासाठी घातलेले कुंपण काही वर्षांनी कोंडवाडा वाटू लागते, ही गोष्ट ध्यानात असू द्या. पुढच्या खटल्यात दोन्ही पक्ष हेच बोलत होते, फक्त इंग्रजीत.

मोबाईलवरच्या एकेका सोयीला ॲप म्हणतात आणि ती जेथून उतरवून घेतात त्याला ॲप स्टोअर म्हणतात, हे आता चौथीच्या मुलालाही ठाऊक आहे. ॲपल कंपनीने आपल्या आयफोनसाठी असे दुकान जुलै २००८ मध्ये उघडले. आरंभी तेथे पाचशे ॲपे होती. आपल्यापैकी बहुतेकांच्या हाती जो फोन आहे त्यावर गूगल कंपनीचे प्ले स्टोअर असते. या दोहोंत एक मोठा फरक आहे. गूगलच्या फोनवर थोडी खटपट केली आणि धोक्याच्या सूचना ओलांडल्या, तर बाहेरूनही ॲप घालता येते. आयफोनवर तशी सोय ॲपलने ठेवली नाही. दार एकच आणि त्याची किल्ली ॲपलपाशी. युरोपात कायद्याने २०२४ पासून दुसरे दार उघडायला लावले, ती गोष्ट निराळी.

दुकानाचा नियम असा होता. ॲपच्या आत काही विकायचे असेल, म्हणजे खेळातला पोशाख, तलवार, नाणी, पुढची पायरी, तर त्याचे पैसे दुकानाच्याच गल्ल्यातून गेले पाहिजेत आणि त्यातले शेकडा ३० दुकान ठेवून घेणार. रिक्षा बोलावली किंवा किराणा मागवला तर हा नियम लागू नाही. ज्या वस्तूला वजन नाही, जी फोनच्या पडद्याबाहेर येत नाही, तिलाच तो लागू. शिवाय खेळाच्या मालकाने गिऱ्हाइकाला एवढेसुद्धा सांगायचे नाही की, 'बाबा रे, हीच वस्तू माझ्या स्वतःच्या संकेतस्थळावर स्वस्त मिळते.' हे शेवटचे कलम लक्षात ठेवा. सगळा खटला अखेर त्याच्याभोवती फिरला.

आता फिर्यादी कोण? एपिक गेम्स ही अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलायना राज्यातील कंपनी, १९९१ साली टिम स्वीनी यांनी काढलेली. तिचा 'फोर्टनाईट' हा खेळ २०१७ मध्ये आला आणि जगभरच्या मुलांनी तो डोक्यावर घेतला. खेळ फुकट, पण त्यातले पोशाख आणि नाच विकत. त्यासाठी खेळातले निराळे चलन घ्यावे लागते, त्याचे नाव व्ही-बक्स.

१३ ऑगस्ट २०२० रोजी एपिकने एक डाव टाकला. खेळाच्या आत तिने पैसे भरण्याची दुसरी वाट गुपचूप उघडली. ॲपलच्या गल्ल्यातून गेलात तर एक हजार व्ही-बक्सला ९ डॉलर ९९ सेंट. सरळ आम्हांला दिलेत तर ७ डॉलर ९९ सेंट. ॲपलने त्याच दिवशी खेळ दुकानातून काढून टाकला. गूगलनेही तेच केले. आणि त्याच दिवशी एपिकने दोघांवरही दावे लावले. दाव्याचे कागद अगोदरच लिहून तयार होते, इतकेच नव्हे, तर ॲपलची टर उडवणारा एक छोटा चित्रपटही तयार होता. म्हणजे अन्याय झाला म्हणून माणूस कोर्टात धावला असा हा प्रकार नव्हता. कोर्टात जाता यावे म्हणून करार ठरवून मोडला होता. एपिकची बाजू कितीही न्याय्य मानली तरी हे विसरून चालणार नाही, आणि न्यायाधीशही ते विसरल्या नाहीत.

खटला कॅलिफोर्नियातील ओकलंड येथे मे २०२१ मध्ये न्यायाधीश इव्हॉन गोन्झालेझ रॉजर्स यांच्यापुढे चालला. एपिकचे म्हणणे थोडक्यात असे, की आयफोनचे गिऱ्हाईक ॲपलने कोंडून ठेवले आहे. दुकान त्याचे, नियम त्याचे, गल्ला त्याचा, आणि तंटा झाला तर निवाडा करणाराही तोच. ॲपलचे उत्तर होते, की आम्ही प्रत्येक ॲप तपासून घेतो, चोर-लबाडांना आत येऊ देत नाही, खेळ बनवण्याची साधने पुरवतो. तो सगळा खर्च काय हवेतून भागतो? आमचा फोन पसंत नसेल तर दुसऱ्याचा घ्यावा. दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे. चोराला दारात अडवणारा रखवालदार कुणाला नको आहे? पण रखवालदाराचा पगार कुणाला न विचारता तोच ठरवू लागला, तर त्याला काय म्हणावे, हाही प्रश्न खराच.

१० सप्टेंबर २०२१ रोजी १८५ पानांचा निकाल लागला. दहापैकी नऊ मुद्द्यांवर ॲपल जिंकली. खेळांच्या या व्यवहारात ॲपलचा वाटा निम्म्याहून थोडा अधिक आहे, नफाही भरमसाट आहे. परंतु तेवढ्यावरून तिला कायद्याच्या अर्थाने मक्तेदार ठरवण्याइतका पुरावा एपिकने दिला नाही, असे न्यायाधीशांनी म्हटले. करार मोडला म्हणून उलट एपिकलाच भरपाई द्यावी लागली. आपल्या गल्ल्यातून ऑगस्ट ते ऑक्टोबर २०२० मध्ये तिने सुमारे १ कोटी २१ लाख डॉलर घेतले होते. त्याचे शेकडा ३० भरा, असा हुकूम झाला. दहावा मुद्दा मात्र ॲपलच्या विरुद्ध गेला. गिऱ्हाइकाला दुसऱ्या वाटेची माहितीच द्यायची नाही, हे कलम कॅलिफोर्नियाच्या अनुचित स्पर्धेच्या कायद्याविरुद्ध आहे आणि ते बंद करा, असा मनाई हुकूम निघाला. स्वस्त कुठे मिळते एवढे सांगण्याचाही हक्क नसेल, तर गिऱ्हाईक निवड करणार कशाच्या जोरावर?

याच निकालपत्रात एक माहिती आहे, ती पालकांनी विशेष ध्यान देऊन वाचावी. ॲपलच्या दुकानाचे सुमारे शेकडा ७० उत्पन्न एकट्या खेळांतून येत होते, आणि ते देणारे लोक दुकानाच्या एकूण गिऱ्हाइकांत शेकडा १० सुद्धा नव्हते. बाकीचे बहुतेक जण एक पैसा न देता दुकान वापरत होते. म्हणजे फुकट खेळाचा हा सारा डोलारा थोड्या लोकांच्या वारेमाप खर्चावर उभा आहे. त्या थोड्या लोकांत आपले कुणी आहे का, हे घरोघरी पाहायचे.

पुढची अपिले मी भराभर सांगतो. वरच्या न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये निकाल बहुतांशी कायम केला, आणि १६ जानेवारी २०२४ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही पक्षांची अपिले ऐकण्यास नकार दिला. आता ॲपलला मनाई हुकूम पाळणे भाग होते. तिने तो कसा पाळला पाहा. 'ठीक आहे, बाहेरच्या दुकानाचा दुवा द्या. मात्र त्या वाटेने जी विक्री होईल तिच्यावरही शेकडा २७ आम्हांला द्या.' तीसाचे सत्तावीस! वर दुवा दाबताच गिऱ्हाइकाच्या मनात भीती उत्पन्न होईल अशी सूचना पडद्यावर. पैसे पोचवण्याचा खर्च त्यात मिळवला की बाहेरून विकणाऱ्याच्या हाती काहीच वाचत नाही. शब्द पाळून अर्थ बुडवणे म्हणतात ते हेच.

एपिक पुन्हा त्याच न्यायाधीशांपुढे गेली. ३० एप्रिल २०२५ रोजी त्यांनी ॲपलने हुकूम जाणूनबुजून मोडल्याचा निर्णय दिला. कंपनीचे आतले कागद समोर आले होते. अर्थविभागाच्या एका उपाध्यक्षाने शपथेवर खोटे सांगितले, असे त्यांनी निकालात स्पष्ट लिहिले आणि प्रकरण फौजदारी चौकशीचा विचार व्हावा म्हणून सरकारी वकिलांकडे धाडले. बाहेरच्या विक्रीवर काहीही घ्यायचे नाही, असाही हुकूम केला. डिसेंबर २०२५ मध्ये वरच्या न्यायालयाने अवमानाचा ठपका कायम ठेवला. मात्र 'काहीच घ्यायचे नाही' हे जास्त झाले, काही वाजवी शुल्क ठरवावे, असे सांगून तेवढा भाग खाली परत पाठवला.

गूगलवरच्या दाव्याचे काय झाले? तो सॅन फ्रान्सिस्कोत न्यायाधीश जेम्स डोनाटो यांच्यापुढे चालला आणि तेथे निर्णय ज्यूरीने, म्हणजे सामान्य नागरिकांच्या पंचमंडळाने द्यायचा होता. ११ डिसेंबर २०२३ रोजी ज्यूरीने एकमताने एपिकच्या बाजूने कौल दिला. आपल्याला साहजिकच वाटेल की हे उलटे झाले. गूगलच्या फोनवर निदान खिडकी तरी उघडी होती, ॲपलने तर भिंतच बांधलेली. मग गूगल हरली कशी? कारण पुराव्यात आहे. ॲपलने आपला वाडा पहिल्यापासून एकट्याचा ठेवला होता. गूगलने दार सर्वांना उघडे आहे असे जगाला सांगितले आणि मागून फोन बनवणाऱ्यांशी व मोठ्या खेळ-कंपन्यांशी पैशाचे करार केले, जेणेकरून कुणी दुसरे दुकान मांडू नये. शिवाय कर्मचाऱ्यांचे आपसांतले लेखी संभाषण जपून ठेवायचे सोडून ते पुसले जाऊ दिले, त्यावर न्यायाधीशांनी कडक ताशेरे ओढले. जुलै २०२५ मध्ये वरच्या न्यायालयाने हा निकाल कायम केला. पुढे वाणिज्य शाखेला जाणाऱ्या मुलांना मी सांगेन, दप्तर जपणे ही केवळ कारकुनी गोष्ट नाही. पुसलेला कागदही साक्ष देतो, आणि ती बहुधा पुसणाऱ्याच्या विरुद्ध जाते.

आता आपल्या देशाकडे येऊ. आपल्याकडे आयफोन थोडे, त्यामुळे तंटा मुख्यतः गूगलशी झाला. तो निकाली काढण्यासाठी २००२ च्या कायद्याने झालेला भारतीय स्पर्धा आयोग आहे. नावावरून विद्यार्थ्यांना वाटेल की हा स्पर्धा परीक्षा घेणारा आयोग! तसे नव्हे. बाजारात बलवान दुबळ्याची वाट अडवतो की काय हे पाहणारी ती संस्था आहे. ॲपमधील विक्रीसाठी आमचाच गल्ला वापरा, या गूगलच्या सक्तीबद्दल आयोगाने २५ ऑक्टोबर २०२२ रोजी ९३६ कोटी ४४ लाख रुपये दंड ठोठावला. पुढे २८ मार्च २०२५ रोजी अपील न्यायाधिकरणाने सक्ती गैर असल्याचे मान्य करूनही दंड २१६ कोटी ६९ लाखांवर आणला, आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले.

दंडानंतर गूगलने काय केले असेल, याचा अंदाज आपण आता करू शकता. २०२३ पासून दुसऱ्या गल्ल्याची मुभा दिली आणि आपल्या वाट्यात शेकडा ४ ची सूट दिली. म्हणजे ३० चे २६, आणि लहान धंद्यांना १५ चे ११. पैसे पोचवणाऱ्या संस्थेचे शुल्क ज्याचे त्याने भरायचे. ॲपलची सत्तावीसाची युक्ती जानेवारी २०२४ ची. तिच्या आधीच हा धडा येथे गिरवून झाला होता.

आमच्याकडचा चहावाला यूपीआयने दहा रुपये घेतो. जानेवारी २०२० पासून अशा बँक खात्यातून आलेल्या पैशावर दुकानदाराकडून शुल्क घेऊ नये, असा सरकारचा नियम झाला. त्याच फोनवर, त्याच खात्यातून मुलाने खेळातली तलवार घेतली तर शंभरातले पंधरा ते तीस दुकानाला. तुलना तंतोतंत नाही, हे कबूल. दुकान नुसते पैसे पोचवत नाही, माल मांडूनही ठेवते. पण मग मांडणावळ किती आणि पोचवणावळ किती, हा हिशेब वेगवेगळा दाखवायला काय हरकत आहे? दोन्ही एकाच आकड्यात घातले की भाव करायला जागाच राहत नाही.

मुंबईचे शादी डॉट कॉम हे काही खेळाचे ॲप नव्हे. पण फोनवरच विकायच्या सेवेमुळे तेही या नियमात सापडले. काही भारतीय कंपन्यांनी गूगलच्या नव्या दराविरुद्ध मद्रास उच्च न्यायालयात दाद मागितली होती, तेथे यश आले नाही, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही अंतरिम संरक्षण दिले नाही. १ मार्च २०२४ रोजी गूगलने शादी डॉट कॉमसह काही भारतीय कंपन्यांची ॲपे दुकानातून काढली. दुकानात पाटी नाही म्हणजे नवे गिऱ्हाईक नाही. अशा वेळी कंपनी वकील उभा करते तोवर धंदा थंडावतो. केंद्र सरकार मध्ये पडले आणि चार-पाच दिवसांत ॲपे परत आली. १५ मार्च २०२४ रोजी स्पर्धा आयोगाने शादी डॉट कॉमची कंपनी व इतरांच्या तक्रारींवरून गूगलच्या या दरांची चौकशी करण्याचा आदेश दिला. मात्र चौकशी होईपर्यंत दर थांबवावेत ही विनंती पाच दिवसांनी फेटाळली.

खेळांच्या बाबतीत आपल्याकडचा तंटा वेगळ्याच अंगाने आला. २०२२ च्या सप्टेंबरात गूगलने प्रयोग म्हणून पैसे लावून खेळण्याच्या ॲपांपैकी फक्त दोन प्रकार दुकानात घेतले, एक रमी आणि दुसरा खेळाडूंचा काल्पनिक संघ लावण्याचा. मुंबईच्या ड्रीम ११ सारख्या कंपन्यांना त्याने दार उघडले. कॅरम वगैरे निरनिराळे खेळ पैशावर चालवणारी दिल्लीची विन्झो कंपनी बाहेर राहिली. तिने तक्रार केली, की दोन प्रकार आत आणि आम्ही बाहेर, हे कोणत्या नियमाने? २८ नोव्हेंबर २०२४ रोजी आयोगाने यात प्रथमदर्शनी तथ्य दिसते असे म्हणून चौकशी लावली. मग ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळण्याच्या ऑनलाईन खेळांवरच बंदी घालणारा कायदा केला आणि भांडणाची जमीनच सरकली. त्या खेळांपायी काही घरांची काय दशा झाली हे आपण जाणता, तेव्हा बंदीचे मला वाईट वाटत नाही. पण विन्झोचा प्रश्न चुकीचा नव्हता. दुकानाचा मालक एकाला आत घेतो आणि दुसऱ्याला नाही, तर त्याने कारण सांगितले पाहिजे, आणि ते कारण सर्वांना सारखे लागले पाहिजे.

इतका वेळ ऐकून आपल्याला एपिक म्हणजे दुबळ्यांचा कैवारी वाटू लागली असेल, तर आता दुसरी बाजू ऐका. अमेरिकेतील व्यापार आयोगाने याच एपिकवर कारवाई केली आणि १९ डिसेंबर २०२२ रोजी तिने एकूण ५२ कोटी डॉलर भरण्याचे मान्य केले. त्यांतले साडेसत्तावीस कोटी लहान मुलांची माहिती पालकांच्या संमतीवाचून गोळा केल्याबद्दल दंड, आणि साडेचोवीस कोटी ज्यांना फसवून खरेदी करायला लावले त्यांना परत देण्यासाठी. बटणांची रचनाच अशी होती की खेळ झोपेतून जागा करताना, नाहीतर एखादी वस्तू नुसती पाहताना चुकून दाबले तरी खरेदी व्हायची. २०१८ पर्यंत मुलांना पालकांच्या परवानगीवाचून पैसे खर्च करता येत होते, आणि ज्या पालकांनी बँकेकडे तक्रार केली त्यांच्या मुलांची खातीच बंद केली गेली. मुलांच्या अजाणतेपणातून काढलेल्या पैशाची वाटणी कशी व्हावी, यावर दोन श्रीमंत पक्ष पाच वर्षे भांडले, असेही या खटल्याचे वर्णन करता येईल. मला ते पुरते न्याय्य वाटत नाही. वाटेची माहिती देण्याचा हक्क हा छोट्यातल्या छोट्या धंदेवाल्याच्या कामाचा आहे, आणि तो एपिकनेच लढून मिळवला. मात्र ज्याने लढा दिला तो साधू असलाच पाहिजे असे नाही.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यापैकी कित्येकांना खेळ खेळण्याइतकेच ते बनवावेसे वाटते, हे मी वर्गात पाहतो. त्यात हसण्यासारखे काही नाही. लॉकडाऊनमध्ये घराघरांत खेळला गेलेला लुडो किंग आपल्या शेजारच्या नवी मुंबईतील कंपनीने २०१६ साली आणला. पुण्यातही खेळ बनवणाऱ्या कंपन्या आहेत. चित्रकला, गणित, संगीत, गोष्ट सांगण्याची हातोटी, हे सगळे त्यात लागते. पण त्याबरोबर हिशेब लागतो. खेळात शंभर रुपयांची विक्री झाली तर कर बाजूला ठेवून दुकानाचे तीस वजा करा, सत्तर उरले. लहान धंद्यांना, म्हणजे वर्षाला दहा लाख डॉलरपर्यंत विक्री असणाऱ्यांना, ॲपल व गूगल या दोघांनीही २०२१ पासून पंधरा टक्क्यांचा दर दिला. म्हणजे पंच्याऐंशी उरले. ही सवलत खटला चालू असतानाच्या काळात आली, हा योगायोग समजायचा की नाही ते तुम्ही ठरवा. मग त्या उरलेल्यातून जाहिरात, वीज, चार जणांचे पगार. आणि दुकानाचा करार सही करण्यापूर्वी पूर्ण वाचायचा. तो इंग्रजीत असतो, कंटाळवाणा असतो, आणि बदलण्याचा हक्क बहुधा मालकाकडे असतो. इंग्रजीच्या तासाला आपण अर्ज आणि पत्रे लिहायला शिकतो. करारातले एक कलम घेऊन त्याचा अर्थ लावण्याचा सराव वर्गात करायला माझी तयारी आहे.

भाषणानंतर दोन प्रश्न विचारले गेले, त्यांची उत्तरे येथे नोंदवतो. नववीच्या एका मुलाने विचारले, तो खेळ आयफोनवर परत आला का? होय. अमेरिकेत २० मे २०२५ रोजी, म्हणजे काढून टाकल्यापासून चार वर्षे नऊ महिन्यांनी. त्या वेळी नववीत असणारा मुलगा तोवर पदवीच्या वर्गात गेलेला होता.

दुसरा प्रश्न एका मातेचा होता. मुलाने न विचारता खेळात पैसे घातले तर परत मिळतात का? नेहमीच मिळतील असे नाही, पण मागावेत, आणि लवकर मागावेत. प्ले स्टोअरवरील खरेदी ४८ तासांच्या आत असेल तर तेथेच परताव्याची मागणी नोंदवता येते; त्यानंतर पहिल्यांदा खेळ बनवणाऱ्या कंपनीला लिहावे लागते. ॲपलचीही अशी मागणी करण्याची सोय आहे. त्याहून सोपे म्हणजे फोनच्या दुकानात जाऊन प्रत्येक खरेदीला पासवर्ड मागण्याची खूण करून ठेवावी, आणि तो पासवर्ड मुलाच्या जन्मतारखेचा नसावा. खरेदीची पावती ज्या ईमेलवर येते तो आपलाच असू द्यावा, मुलाचा नव्हे, आणि पावती पुसून टाकू नये.